संपलेले तत्त्वज्ञ

खानझोडे सरांच्या घरात नऊशे बारा पुस्तकं होती. त्यांतली चाळीस मी उघडून पाहिली. त्या चाळिसांपैकी सरांनी पूर्ण वाचलेलं पुस्तक एक होतं. हे मी पुढे रीतसर मांडणारच आहे, पण आधीच सांगून टाकतो, कारण सरांचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा त्यांच्या वाचनाबद्दलच बोलतात. 'युरोपात काल काय लिहिलं गेलं ते नागपुरात आज फक्त खानझोडेंना माहीत असतं,' असं त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारात एक वक्ते म्हणाले होते. मी तिसऱ्या रांगेत होतो. वाक्य एका परीने बरोबर होतं. नवं पुस्तक आलं की सरांना ते कळत असे. त्या पुस्तकात काय आहे, हा वेगळा प्रश्न.

प्रतापनगरातल्या आमच्या इमारतीत मी पहिल्या मजल्यावर आणि सर दुसऱ्या मजल्यावर, असे आम्ही अकरा वर्षं राहिलो. मी आकडेवारीच्या सरकारी खात्यात आहे. आमच्याकडे पीक कापणीचे प्रयोग होतात. चिठ्ठी टाकून शेत निवडायचं, त्यातला दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा, दाणा तोलायचा आणि त्यावरून सबंध तालुक्याचं उत्पादन सांगायचं. या नोकरीने मला एक खोड लागली आहे. कोणी काही ठामपणे सांगू लागलं की मला विचारावंसं वाटतं, शेतात उतरला होतात का?

सर एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. समकालीन युरोपीय तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय, आणि त्यातही सगळा जोर 'समकालीन'वर. उंच, सडपातळ माणूस. बारा महिने गळ्याभोवती पातळ मफलर, मे महिन्यातसुद्धा. नागपूरच्या उन्हात माणसं डोक्याला दुपट्टा बांधतात, हे डोकं उघडं ठेवून गळा झाकत. माझी बायको सुनंदा खिडकीतून बघून म्हणायची, "ऊन डोक्याले लागते, अन् हे गळ्याले बांधून राहिले. सांगा ना त्याहिले कोनी."

सरांचा आवडता शब्द 'संपला'. सकाळी भाजी घेऊन जिना चढताना ते माझ्या दारापाशी थांबत आणि एखाद्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाचं नाव घेऊन म्हणत, "तो आता संपला." पहिल्यांदा हे ऐकून सुनंदाने आतून हात पुसत येऊन विचारलं होतं, "अहो, कोन गेलं? स्वयंपाकाचं पाहू का त्यांच्या?" तिला वाटलं वरच्या घरी सुतक आलं. प्रत्यक्षात तो फ्रेंच माणूस ठणठणीत होता. फक्त त्याच्यावर टीका करणारा दुसरा कोणी आला होता आणि सरांना ते आदल्या दिवशी कळलं होतं. मी टिपण ठेवलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या दारात तेवीस तत्त्वज्ञ संपवले. त्यांतले चार असे, की ज्यांनी आधीच्याला संपवलं म्हणून सरांनी कौतुक केलं होतं, त्यांनाच पुढे संपवलं.

त्यांची दुसरी विद्या उच्चारांची. परदेशी नावं ते अप्रतिम उच्चारत, हे मान्य केलं पाहिजे. गच्चीत फेऱ्या मारताना त्यांचा सराव चाले. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये वाचनबैठक असे, सात-आठ जण येत, मीही दाराजवळच्या खुर्चीवर बसे. सुनंदाची मालिका त्याच वेळी असे, म्हणून. एकदा एका होतकरू मुलाने नवं नाव जसं लिहिलं होतं तसं वाचलं. सरांनी त्याला थांबवलं. मग जीभ कुठे लावायची, हवा नाकातून किती सोडायची, शेवटचं अक्षर का गिळायचं, हे चाळीस मिनिटं चाललं. सगळ्यांनी क्रमाने ते नाव म्हटलं. मीही म्हटलं. त्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे त्या शनिवारी राहून गेलं, पुढच्याही राहिलं, आणि तिसऱ्या शनिवारपर्यंत तो संपला होता.

प्रत्येक बैठकीला प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स असे. पण सरांनी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा नियम होता. पार्श्वभूमी फार मोठी असे. माझ्याकडे त्या झेरॉक्सांची फाईल आहे. सगळ्या पहिल्याच पानावर मळल्या आहेत.

मधलं दीडेक वर्ष सरांचं वस्तूंत गेलं. माणूस हा विषय आता मागे पडला, वस्तूंना स्वतःचं अस्तित्व, स्वतःचा कल असतो, असं कुठेतरी मांडलं गेलं होतं. त्याच सुमारास इमारतीची पाण्याची टाकी वाहू लागली. सोसायटीच्या बैठकीत नळवाला शंकर पान्हा घेऊन उभा, आणि सर सांगतायत की टाकीकडे आपण केवळ आपल्या उपयोगाच्या नजरेने पाहतो, टाकीच्या बाजूने वाहणं म्हणजे काय याचा विचार कोणी केलेला नाही. शंकरने पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"सर," तो म्हणाला, "टाकीच्या मनात काही नाही. वायसर सडलं हाय. मी वर जाऊ का?"

तो वर गेला आणि पाणी थांबलं. सर मला म्हणाले, "पाहिलंत? वायसर! किती क्षुल्लक वस्तू, पण तिने सगळी इमारत हलवली." हरणं हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता.

इथवर सगळं करमणुकीचं होतं. मी हसलो असतो आणि विसरलो असतो. पण सरांकडे प्रज्ञा पीएचडी करत होती.

प्रज्ञा मेश्राम. कळमेश्वरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी, जूनमध्ये पुन्हा अर्ज. पीएचडी झाली तर कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होतं. शनिवारी ती बसने उतरून थेट बैठकीला यायची आणि आधी आमच्याकडे चहा घ्यायची. सुनंदाचा तिच्यावर जीव. मला ती काका म्हणायची, आणि तिचं बोलणं नेमकं असे, म्हणून माझंही तिच्याशी जमे.

तिचा मूळ विषय मला पहिल्या दिवशीच कळला होता, आणि सरांच्या घरातून कळलेली ती एकमेव गोष्ट. विषय होता शपथ. तिचे आजोबा, ती त्यांना आजा म्हणायची, छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेणाऱ्यांत होते. रेल्वेत गँगमन होते, तेव्हा जेमतेम विशीचे. "आजा म्हनते, मैदानात गेलो तवा एक मानूस होतो, आलो तवा दुसरा," ती म्हणाली होती. "मंधात काय झालं? काही वाक्यं तोंडानं म्हनली, एवढंच. तं काका, वाक्य म्हटल्यानं मानूस कसा काय बदलते? हे मले पाहाचं हाय." यावर युरोपातल्या एका विचारवंताने खूप लिहिलं होतं. तिने ते सगळं वाचलं. दोन वर्षांत शहाण्णव पानं लिहिली.

मग सर जिन्यात म्हणाले, "तो संपला. भाषेचा काळच गेला, प्रज्ञा. आता वस्तू." शीर्षक बदललं. शीर्षक बदलायचं म्हणजे अर्ज, समितीची बैठक, सहा-सहा प्रती. तिने आज्याने त्या दिवशी नेसलेल्या पांढऱ्या धोतराबद्दल लिहायला घेतलं आणि दीड वर्षात एकशे चाळीस पानं केली. ती मी वाचली आहेत, चांगली होती. तेवढ्यात वस्तूही संपल्या. आता सबंध पृथ्वी हा विषय आला. सरांनी सुचवलं की तो प्रसंग माणसांच्या बाजूने न पाहता त्या मैदानातल्या मातीच्या बाजूने पाहावा.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे बसून होती. चहा निवला.

"मातीले कोनं देल्ली दीक्षा, काका?" ती म्हणाली.

तरीही वर्षभर तिने मातीची एकाहत्तर पानं लिहिली. आणि एका शनिवारी सर म्हणाले की पृथ्वीबद्दलचं सगळं आता फार झालं, काहीतरी नवं येऊ घातलंय, थोडं थांबू.

"काका, तुमी आकड्यांतले," ती मला म्हणाली. "मले लिहून द्या. माह्याजवळ उरलं काय?"

मी कागदावर लिहून दिलं. नोंदणीची मुदत सहा वर्षं. गेली साडेचार. लिहिलेली पानं तीनशे सात. सध्याच्या विषयाची पानं शून्य, कारण सध्या विषयच नाही. सरांचा एक विषय सरासरी दीड वर्ष टिकतो, तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. तिने कागद दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. रडली वगैरे नाही. बस चुकेल म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात सर दोन महिने मुलीकडे पुण्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या होत्या. दुसऱ्याच्या पुस्तकांत डोकावणं बरं नाही, हे मला कळतं. पण कपाटांपुढे उभं राहिल्यावर माझ्यातला खात्याचा माणूस जागा झाला. मी पुस्तकं मोजली, कपाटाप्रमाणे क्रमांक धरले, आमच्या पद्धतीने चिठ्ठ्या टाकून वीस निवडली.

सर पेन्सिलीने खुणा करत, दाट आणि ठळक. परदेशी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना रोमन आकडे असतात आणि मुख्य मजकूर सुरू झाला की एक, दोन, तीन येतात. विसांपैकी सतरा पुस्तकांत पेन्सिल रोमन आकड्यांतच चालली होती आणि 'एक' या पानाच्या अलीकडेच थांबली होती. सगळ्यांत लांबचा प्रवास रोमन चौतीसपर्यंत. तीन पुस्तकांत पेन्सिल मुळीच नव्हती. वीस नगांवरून नऊशे बारांबद्दल बोलणं घाईचं होईल, म्हणून पुढच्या आठवड्यात मी आणखी वीस काढली. निकाल तोच, एक वगळता. एक जुनं, बारीक अक्षरातलं, विद्यार्थीदशेतलं पुस्तक होतं. त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खुणा होत्या, समासात प्रश्न होते, आणि शेवटी कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'पुन्हा वाचणे.' हे मी लिहितो, कारण न लिहिणं खोटेपणाचं होईल. पण हेही लिहितो की त्या पुस्तकावर सगळ्यांत जास्त धूळ होती.

शेताच्या बांधावरून पिकाचा अंदाज सांगणारे कर्मचारी आमच्या खात्यातही आहेत. त्यांना आम्ही नोटीस देतो.

प्रज्ञा आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल.

"मले मालूम हाय, काका," ती म्हणाली. "पहिल्या वर्षीपासून. मी प्रकरन दोनचा प्रश्न विचारला का ते प्रस्तावनेचं उत्तर देत."

"मग काहून थांबलीस वं तिथे?" सुनंदा म्हणाली. "दुसरा मास्तर पाहाचा ना!"

"पाहिला ना काकू. एक मॅडम हायेत, मले घ्याले तयार. प्रकरन देल्लं का आठ दिवसांत वाचून वापस करते म्हनतात. पन मार्गदर्शक बदलाले पहिल्या मार्गदर्शकाचीच ना हरकत लागते. सही सरांची."

असा नियम आहे, मी नंतर खात्री करून घेतली. ज्याच्यापासून सुटायचं, त्याच्याच सहीने सुटायचं.

सर पुण्याहून परतल्यावर मी आणि प्रज्ञा वर गेलो. कूलर चालू होता, वाळ्याचा वास, गळ्यात मफलर. प्रज्ञाने अर्ज पुढे केला. सरांनी तो वाचला नाही, बाजूला ठेवला.

"ना हरकत," ते म्हणाले. "काय मजेदार शब्द आहे. हरकत नसणं म्हणजे संमती का? अलीकडे एकाने संमतीचाच मूळ प्रश्न उभा केलाय. आपण पुढच्या शनिवारी यावरच बोलू."

पुढच्या शनिवारी त्यावरच बोलले. अर्ज तिथेच होता, त्यावर चिवड्याची वाटी. त्यानंतरच्या शनिवारी ते म्हणाले की नवं येतंय, अशा वेळी मार्गदर्शक सोडणं म्हणजे पहाटे झोपणं. तिसऱ्या शनिवारनंतर माझा संयम सुटला. जिन्यात मी प्रज्ञाला म्हणालो, "मी आता सगळ्यांसमोर सांगतो, त्यांची चाळीस पुस्तकं मी उघडून पाहिली म्हणून. मुकाट सही करतील."

"नोको," ती म्हणाली. "तुमी काही बोलू नोका. शरमेनं सही करतील, अन् उद्या विद्यापीठात फोन करून वापस घेतील. त्याहिले खुशीनंच सही कराची पडते."

मला तिचा मुद्दा कळला नाही. पुढच्या शनिवारी कळला. बैठक संपल्यावर ती सरांसमोर उभी राहिली आणि बैठकीत बोलते तसं शुद्ध बोलू लागली.

"सर, मी पुन्हा शपथेवरच लिहायचं ठरवलं आहे. तो विचारवंत संपला आहे, हे तुम्ही मला तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पण माझी झेप तेवढीच आहे. संपलेल्या माणसासाठी तुमचा वेळ जावा, हे मला पटत नाही."

सरांचा चेहरा मी बारकाईने पाहत होतो. त्यावर आधी दया आली, मग समाधान.

"हे तू प्रामाणिकपणे बोललीस," ते म्हणाले. "शिळ्या विषयाला शिळा मार्गदर्शक बरा. त्या बाई अजून तिथेच असतील, दहा वर्षं मागे." त्यांनी चिवड्याची वाटी उचलली, अर्जावरचं तेल मफलरने टिपलं आणि लांबलचक, वळणदार सही केली. "वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांना नवं पेलत नाही."

जिन्यात प्रज्ञा एका पायरीवर बसली. "काका, तारीख टाकली ना हो त्याहिनं?" मी पाहिलं. टाकली होती.

नव्या बाई बोलल्याप्रमाणे आठ दिवसांत वाचून परत देणाऱ्या निघाल्या. जुनी शहाण्णव पानं तशीच कामी आली, धोतराची एकशे चाळीसमधली तीस आली. मातीची एकही नाही. मुदत संपायला अकरा दिवस असताना प्रबंध दाखल झाला.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते. सभागृहात कोणीही येऊन बसू शकतं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांचं झालं की कोणीही प्रश्न विचारू शकतं. उत्तर समाधानकारक वाटलं तरच परीक्षक पदवीची शिफारस करतात. आम्ही नवराबायको गेलो. पहिल्या रांगेत प्रज्ञाचा आजा, नव्वदीला टेकलेला, पांढरा शर्ट, हातात काठी. साठेक माणसं असतील. परीक्षक गृहस्थ कमी बोलणारे होते. त्यांनी सात प्रश्न विचारले, सातांची उत्तरं तिने पान क्रमांकासहित दिली. मग ते म्हणाले, "सभागृहातून कोणाला काही?"

मागच्या रांगेत मफलर उभा राहिला.

प्रज्ञाच्या नव्या बाईंनी डोळे मिटले. सर बोलू लागले. गेल्या वर्षी एका जर्मन बाईंचं पुस्तक आलंय, नाव त्यांनी सुंदर उच्चारलं, आणि त्याने शपथ, भाषा, साक्ष हे सगळंच निकालात निघालंय, तर या प्रबंधाला आता पाय ठेवायला जागा उरते का? मी घड्याळ लावलं होतं. प्रश्न अकरा मिनिटांचा झाला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि प्रज्ञाकडे पाहिलं. सहा वर्षं आणि कायम नोकरीची मुलाखत त्या टेबलावर होती. सरांना खूष करण्याची रीत तिला ठाऊक होती, एकदा वापरलीही होती. आताही चार गोल वाक्यं बोलली असती तर निभावलं असतं.

"सर, ते पुस्तक मी वाचलेलं नाही," ती म्हणाली.

"वाचलेलं नाही?"

"नाही. त्यामुळे त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

सर उभेच राहिले. असं उत्तर असू शकतं, हे बहुधा त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. अकरा वर्षांत त्यांच्या हॉलमध्ये ते वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि मी तर काहीच वाचलेलं नव्हतं. पुढून कोणीतरी हसलं. परीक्षकांनी पेन उचललं.

"उत्तर समाधानकारक आहे," ते म्हणाले, आणि शिफारशीवर सही केली.

नंतर बाहेर चहा आणि समोसे होते. प्रज्ञा सुनंदाच्या गळ्यात पडून म्हणत होती, "काकू, झालं एकदाचं." सर लोकांचे हात हातात घेत होते. "माझीच विद्यार्थिनी," ते एकाला सांगत होते. "सुरुवात माझ्याकडे झाली." अभिनंदन त्यांनी सगळ्यांचं स्वीकारलं. पुढच्या महिन्यात ते कायमचे पुण्याला गेले. माझ्या डोळ्यांसमोर अजून येतात ते त्या दिवसाचे सर.

रिक्षा आणायला निघालो तेव्हा ते मला व्हरांड्यात दिसले. आजा बाकावर बसला होता, बशीत चहा ओतून निववत होता. सरांनी शेजारी खुर्ची मांडली होती.

"आजोबा," सर म्हणत होते, "त्या दिवशी मैदानात तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं, ते मी तुम्हाला सांगतो."

आज्याने बशी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सांगा ना सर," तो म्हणाला. "पन मी होतो ना तिथं."

"होतात, म्हणून तर तुम्हाला ते कळणार नाही," सर म्हणाले, आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.